चूक दाखविण्याची रीत

चूक शोधणें ही एक विद्या आहे आणि सांपडलेली चूक दाखविणें ही दुसरी. या दोहोंचा सहवास इतका नित्याचा आहे कीं, त्या एकच आहेत असा समज सहज होतो. परंतु ज्यानें म्हणून दुसऱ्याचें लेखन तपासण्याचें काम केलें आहे, मग तो शाळेंतील पंतोजी असो, छापखान्यांत मुद्रितें तपासणारा असो, कीं जमाखर्चाच्या वह्या पडताळून पाहणारा कारकून असो, त्याला हें पक्कें ठाऊक असतें कीं, चूक कोठें आहे हें कळल्यावरहि ती कोणत्या वेळीं, कोणत्या शब्दांनीं, कोणत्या शाईनें आणि किती ठळकपणें दाखवावी हा प्रश्न शिल्लकच राहतो. या प्रश्नाचा निर्णय नीट झाला नाहीं तर चूक शोधण्याचे सारे श्रम वायां जातात.

प्रस्तुत लेखांत ज्या लेखनाचा विचार करावयाचा आहे तें संगणकासाठीं केलेलें लेखन होय. प्रोग्रॅमर ज्या साधनांत आपला मजकूर लिहितो त्याला एडिटर म्हणतात. आजच्या एडिटरमध्यें लिहीत असतांनाच चुकलेल्या शब्दाखालीं तांबडी नागमोडी रेघ उमटते, संशयास्पद जागेखालीं पिवळी उमटते, समासांत लहानशी खूण येते, ओळीच्या शेवटीं चुकीचें कारण लिहून येतें, आणि खालच्या बाजूस सर्व दोषांची यादी तयार होत असते. यांपैकीं बहुतेक गोष्टी लिहिणारास आपल्या इच्छेप्रमाणें बदलतां येतात. रंग निराळा घ्यावा, रेघ काढून टाकून केवळ समासांतील खूण ठेवावी, लिहिणें थांबेपर्यंत कांहींच दाखवूं नये, अमुक जातीच्या इशाऱ्यांस मुळींच थारा देऊं नये, अशा सर्व सोयी त्यांत आहेत. पुष्कळांस ही वेषभूषेसारखी हौसेची बाब वाटते. तिचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र असें दिसून येतें कीं, या रेघांच्या आणि रंगांच्या मागें एक फार जुना वाद आहे, आणि त्या वादाचा निर्णय चुकल्याचें मोल मनुष्यांनीं वेळोवेळीं पुष्कळच दिलेलें आहे.

वादाचें मूळ संगणकाहून दोन हजार वर्षांनीं जुनें आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयांत झेनोडोटस नांवाचा पंडित होमरच्या काव्यांच्या प्रती ताडून पाहत होता. ज्या ओळी त्याला प्रक्षिप्त वाटल्या त्यांतील कांहीं ओळी त्यानें न वगळतां त्यांच्या बाजूस समासांत एक आडवी रेघ काढून ठेविली. या रेघेस ग्रीक लोक ओबेलस म्हणत. पुढच्या शतकांत त्याच ग्रंथालयांतील ॲरिस्टार्कस यानें ही पद्धति वाढवून निरनिराळ्या शंकांसाठीं निरनिराळीं चिन्हें योजिलीं. या पद्धतींत तपासणाराचें मत समासांत राहतें, मूळ ओळ जागच्या जागीं राहते, आणि शेवटचा निर्णय वाचकाच्या हातीं राहतो. आपल्याकडील पोथ्यांत चुकीची वाट बहुधा दुसऱ्या रीतीनें लावीत. चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन तीं झांकीत व वर शुद्ध अक्षरें लिहीत. गळलेलें अक्षर दाखविण्यास काकपद काढीत. 'हरताळ फांसणें' हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार त्याच चालीची आठवण आहे. एका रीतींत दोष दिसत राहतो, दुसरींत तो दृष्टीआड होतो. या दोन्ही रीती संगणकाच्या इतिहासांत पुन्हां अवतरलेल्या आपणांस दिसतील.

आरंभीं संगणकाच्या लेखकास चूक दिसे ती लिहिण्याची क्रिया संपून बराच काळ लोटल्यावर. जॉन बॅकस यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालेली फोर्ट्रान भाषा आय. बी. एम. कंपनीनें १९५७ सालीं लोकांस उपलब्ध करून दिली. मजकूर कार्डांवर भोकें पाडून लिहावयाचा, कार्डांचा गठ्ठा यंत्र चालविणाऱ्यांच्या स्वाधीन करावयाचा, आणि कांहीं तासांनीं किंवा दुसऱ्या दिवशीं छापील कागदांची चळत परत घ्यावयाची, असा त्या काळचा क्रम असे. भाषेंतून यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणाऱ्या कंपायलरला जे दोष आढळत त्यांची जंत्री त्या कागदांवर छापून येई. एक स्वल्पविराम गळला तर सबंध दिवस फुकट गेला असें समजावें. अर्थात् एकाच फेरींत सांपडतील तितक्या सर्व चुका सांगून टाकणें हाच त्या काळीं उत्तम कंपायलरचा धर्म ठरला. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत १९६५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं तयार झालेला वॉटफोर आपल्या वेगामुळें आणि चुकांच्या स्पष्ट निवेदनामुळें नांवाजला. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचा पी-एल-सी हा कंपायलर त्याच्याहि पुढें गेला. त्याचें वर्णन रिचर्ड कॉनवे व थॉमस विल्कॉक्स यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलें. चूक आढळली कीं हा कंपायलर स्वतःच्या तर्कानें ती दुरुस्त करी, केलेली दुरुस्ती छापून कळवी, आणि प्रोग्रॅम पुढें चालवी. हा संगणकाचा हरताळ होता; मात्र आपण तो कोठें फांसला हें प्रामाणिकपणें सांगणारा होता.

सर्व चुका एकदम सांगण्यांत एक दोष आहे. पहिली चूक खरी असते आणि तिच्या पोटीं पुढच्या दहा खोट्या चुका जन्मास येतात. एक कंस मिटावयाचा राहिला तर पुढील निर्दोष ओळीहि कंपायलरला दोषी दिसूं लागतात. याच्या अगदीं उलट टोंक पाहावयाचें असेल तर केन टॉम्सन यांनीं १९६९ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत लिहिलेला 'एड' नांवाचा एडिटर पाहावा. काय वाटेल तें चुको, हा एडिटर एकच चिन्ह छापी, आणि तें म्हणजे प्रश्नचिन्ह. तेव्हांचें टेलिटाइप यंत्र कागदावर एकेक अक्षर सावकाश ठोकीत असल्यामुळें या मितभाषणास कारणहि होतें. प्रोग्रॅमर मंडळींत यावर एक विनोद प्रचलित आहे. टॉम्सन यांच्या मोटारींत म्हणे ना वेगाचा कांटा आहे ना तेलाचा. कांहीं बिघडलें कीं एक मोठें प्रश्नचिन्ह तेवढें उजळतें, आणि काय बिघडलें तें निष्णात चालकास ठाऊक असतेंच. पुढें 'एड'ला, विचारल्यास कारण सांगण्याची संवय लावण्यांत आली, हेंहि नमूद केलें पाहिजे.

यानंतरची महत्त्वाची पायरी त्याच प्रयोगशाळेंतील स्टीफन जॉन्सन यांची होय. सी भाषेंतील लेखन तपासणारा 'लिंट' नांवाचा त्यांचा प्रोग्रॅम १९७८ च्या सुमारास तयार होऊन पुढच्या वर्षीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. कपड्यावर जे बारीक धागे व कस चिकटून राहतात त्यास इंग्रजींत लिंट म्हणतात. जॉन्सन यांची कल्पना श्रमविभागाची होती. कंपायलरनें वेगानें भाषांतर करावें; आणि जें लेखन व्याकरणानें शुद्ध असूनहि संशयास्पद आहे, उदाहरणार्थ, ज्याचा कोठेंच उपयोग केलेला नाहीं असें नांव, किंवा जेथवर प्रोग्रॅमची धांव पोंचणारच नाहीं अशी ओळ, तें शोधण्याचें काम सावकाश पाहणाऱ्या निराळ्या परीक्षकाकडे द्यावें. चूक आणि इशारा यांतील भेद येथें स्पष्टपणें पुढें आला. चूक असली तर प्रोग्रॅम चालतच नाहीं, तेव्हां तिच्याकडे दुर्लक्ष करणें शक्यच नसतें. इशारा असून प्रोग्रॅम चालतो, आणि म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा मनुष्याला राहते. जॉन्सन यांनीं ही मुभाहि विचारपूर्वक दिली होती. मजकुरांतच एक ठराविक टीप लिहून त्या जागेपुरतें लिंटला गप्प बसवितां येत असे. त्या टीपेमुळें, येथें इशारा होता व तो लेखकानें जाणूनबुजून बाजूस सारला, ही गोष्ट पुढच्या वाचकाला कळे.

एवढ्यानें प्रश्न संपला नाहीं. चूक कागदावरील यादींत, आणि चुकलेली ओळ भलतीकडेच, हा वियोग अजून होताच. तो १९८३ सालीं बोर्लंड कंपनीच्या टर्बो पास्कलनें बऱ्याच अंशीं दूर केला. अँडर्स हेल्सबर्ग यांनीं लिहिलेल्या या कंपायलरमध्यें एडिटरहि अंतर्भूत होता. पहिली चूक आढळतांच तो थांबे आणि लेखकास एडिटरमध्यें नेमक्या त्याच जागीं आणून उभा करी. यादी नाहीं, खोट्या चुकांची पिलावळ नाहीं. एक चूक, तिची जागा, आणि दुरुस्त करा ही सूचना. अमिगा संगणकावरील ॲझटेक-सी कंपायलरच्या धर्तीवर ब्रॅम मोलेनार यांच्या व्हिम एडिटरनें, १९९१ नंतर, चुकांच्या यादींतील एकेका जागीं क्रमानें उडी मारण्याची सोय केली. ईमॅक्समध्येंहि तशी सोय होती. चुकीची जागा सांपडली. राहिला तो वेळेचा प्रश्न.

हा प्रश्न सोडविण्याची युक्ति लोकांच्या परिचयाची झाली ती मात्र पत्रव्यवहार लिहिणाऱ्या वर्डमधून. १९९५ च्या वर्डमध्यें स्पेलिंग चुकलेल्या शब्दाखालीं लिहितां लिहितां तांबडी नागमोडी रेघ येऊं लागली, आणि १९९७ च्या आवृत्तींत व्याकरणासाठीं हिरवी आली. प्रोग्रॅमरांच्या एडिटरमध्यें हीच चाल रूढ झाली. २००१ सालीं इंटेलिजे आयडिया व एक्लिप्स हीं दोन साधनें पुढें आलीं. त्यांत मजकूर लिहीत असतांना पडद्यामागें तपासणी चालू असे, आणि पानाच्या कडेच्या अरुंद पट्टींत सबंध ग्रंथांतील दोषांच्या जागा रंगीत ठिपक्यांनीं दर्शविल्या जात. अलेक्झांड्रियाचा समास अशा रीतीनें संगणकाच्या पडद्यावर आला.

येथें शिक्षकाच्या अनुभवास पटणारी एक हरकत घेतां येईल. अर्धें वाक्य तोंडांतून निघालें नाहीं तोंच जो गुरु 'चुकलें' म्हणून ओरडतो त्याच्या हाताखालीं विद्यार्थी धीटपणें बोलावयास शिकत नाहीं. अपुरें वाक्य हें अशुद्ध वाक्य नव्हे. परंतु यंत्राच्या दृष्टीनें दोहोंत फरक नसल्यामुळें, लिहिणारा अजून विचार करीत असतांनाच पान तांबडें होऊन जातें. निओव्हिम या एडिटरनें लिहिणें चालू असेपर्यंत दोषांच्या खुणा बदलावयाच्या नाहींत असा मूळचा नियम ठेविला आहे. ज्याला तत्काळ खुणा हव्या असतील त्यानें तसें सांगावें. त्याच्याच २०२५ च्या मार्चमधील आवृत्तींत, ओळीच्या शेवटीं चुकीचें कारण लिहिण्याची जी रीत तोंवर आपोआप चालू असे ती बंद करून मागणारापुरती ठेवण्यांत आली. उलट व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या अनुयायांपैकीं पुष्कळ जण 'एरर लेन्स' नांवाची जोड मुद्दाम घेतात, ती याचसाठीं कीं चुकीचें कारण त्याच ओळींत डोळ्यांसमोर असावें. दोन्ही पक्षांस आपापली बाजू आहे. नवशिक्यास कारण जवळ असलेलें हितावह. अनुभवी लेखकास तीच गोष्ट कानाशीं चाललेल्या कुजबुजीसारखी त्रासदायक होते.

ही निवड लेखकाच्या हातीं इतक्या पूर्णपणें कशी आली, याचें श्रेय बव्हंशीं २०१६ सालच्या एका करारास आहे. त्यापूर्वीं प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठीं निराळा परीक्षक जोडावा लागे. त्या वर्षीं जून महिन्यांत मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट व कोडेन्व्ही या कंपन्यांनीं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. या करारान्वयें भाषेचा जाणकार परीक्षक हा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. तो एडिटरला केवळ एवढेंच कळवितो कीं, अमुक ओळींतील अमुक अक्षरापासून अमुक अक्षरापर्यंत दोष आहे, त्याचें कारण अमुक, आणि त्याची पायरी अमुक. पायऱ्या चार मानल्या आहेत: चूक, इशारा, माहिती आणि सुचवणी. जो भाग निरुपयोगी आहे त्यास एक उपचिन्ह आहे, म्हणजे एडिटरनें तो फिका दाखवावा. जो प्रयोग जुना होऊन टाकाऊ झाला आहे त्यास दुसरें आहे, म्हणजे त्यावरून रेघ ओढावी. परंतु चुकीचा रंग तांबडा असावा कीं निळा, रेघ असावी कीं नसावी, याविषयीं परीक्षक अवाक्षर काढीत नाहीं. शोधणें आणि दाखविणें या दोन विद्या येथें रीतसर विभक्त झाल्या, आणि दुसरीचें स्वामित्व लेखकाकडे आलें. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्यें चुकीच्या रेघेचा रंग, तिच्यामागील पार्श्वभूमीचा रंग, तसेंच इशाऱ्याचे रंग हे सर्व लेखकाला आपल्या सेटिंग्जच्या वहींत दोन ओळी लिहून बदलतां येतात.

आतां कोणी म्हणेल कीं, एवढ्या स्वातंत्र्यांत वाईट तें काय? याचें उत्तर देण्यासाठीं क्षणभर प्रोग्रॅमरांचें जग सोडून अमेरिकेंतील थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रांत गेलें पाहिजे. २८ मार्च १९७९ रोजीं पहांटे तेथें अपघात सुरू झाला, तेव्हां नियंत्रणकक्षांत पहिल्या कांहीं मिनिटांत शंभरांहून अधिक इशारे एकदम वाजूं व चमकूं लागले. त्यांतील क्षुल्लक इशारे बाजूस सारून महत्त्वाचे तेवढे पाहण्याची सोय नव्हती. एक झडप उघडी राहून अणुभट्टी थंड ठेवणारें पाणी दोन तासांहून अधिक वेळ बाहेर जात होतें; परंतु तिच्यासंबंधींचा दिवा झडप मिटली आहे कीं नाहीं हें दाखवीत नसून, मिटण्याची आज्ञा सुटली आहे एवढेंच दाखवीत होता. या अपघाताची चौकशी करण्यासाठीं अध्यक्ष कार्टर यांनीं नेमलेल्या आयोगाचे प्रमुख जॉन केमेनी हे होते. विद्यार्थ्यांस संगणक सोपा व्हावा म्हणून १९६४ सालीं थॉमस कुर्ट्झ यांच्यासह बेसिक भाषा निर्माण करणारे गणितज्ञ ते हेच. त्यांच्या आयोगानें इशाऱ्यांच्या या गर्दीवर नेमकें बोट ठेविलें. शंभर गोष्टी एकाच मोठ्या आवाजांत सांगणें म्हणजे कांहींच न सांगणें होय, हा धडा तेथें मिळाला.

म्हणून इशारे कमी करावे, नको ते दाबून टाकावे, असें अनुमान कोणी काढील तर तेंहि धोक्याचें आहे. डेबियन ही युनिक्सच्या घराण्यांतील एक लोकप्रिय प्रणाली आहे. गुप्त किल्ल्या तयार करणारा ओपन-एस-एस-एल हा तिच्यांतील एक भाग. प्रारंभमूल्य न दिलेली स्मृति वापरली जात आहे, असा इशारा त्या भागाविषयीं एक तपासनीस प्रोग्रॅम वारंवार देत असे. तो त्रासदायक इशारा बंद व्हावा म्हणून २००६ सालीं दोन ओळी निकामी करण्यांत आल्या. त्यांतील एक ओळ खरोखर गौण होती. दुसरींतून किल्लीला लागणारी सारी यादृच्छिकता आंत येत होती. इशारा थांबला. परंतु त्यानंतर तयार होणाऱ्या किल्ल्यांची विविधता इतकी आटली कीं, एका प्रकारच्या यंत्रावर एका आकाराच्या सुमारें ३२,००० किल्ल्याच काय त्या संभवत. कोणत्याहि चोरास त्या सर्व आधींच करून ठेवतां याव्या! हा प्रकार २००८ च्या मे महिन्यांत उघडकीस आला, आणि जगभर असंख्य किल्ल्या रद्द कराव्या लागल्या. येथें खुणेवर हरताळ फांसण्याऐवजीं मूळ ओळीवरच तो फांसला गेला. तपासणाराची शंका समासांत राहूं दिली असती तर मजकूर सुरक्षित राहिला असता.

याच्या उलट प्रकार २०१४ च्या फेब्रुवारींत दिसला. ॲपल कंपनीच्या प्रणालींत, ज्याच्याशीं दळणवळण चाललें आहे तो खरा कीं तोतया हें पाहणाऱ्या भागांत, एकच ओळ चुकून लागोपाठ दोनदां लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीच्या अधीन होती. दुसरी समासापासून तितकीच आंत सरकवून लिहिलेली असल्यामुळें डोळ्यांस अटीच्या आंत दिसे. पण कंस नसल्यामुळें ती बाहेर होती, आणि तिच्यामुळें पुढची सही तपासण्याची पायरी नेहमींच वगळली जाई. पुढील ओळींपर्यंत धांव पोंचत नाहीं हें ओळखणारा इशारा क्लँग कंपायलरमध्यें होता. लिंटचाच तो वारसा. तथापि 'ऑल', म्हणजे 'सर्व', असें नांव धारण करणाऱ्या इशाऱ्यांच्या गटांत त्याचा समावेश नव्हता. तो नांव घेऊन निराळा मागावा लागे. जो इशारा मागितलाच नाहीं त्याची रेघ कोणता एडिटर काढणार?

या तीन उदाहरणांचें तात्पर्य परस्परविरुद्ध भासेल. पहिल्यांत इशारे फार झाले, दुसऱ्यांत एक इशारा नको त्या रीतीनें शमविला, तिसऱ्यांत हवा असलेला इशारा दिसलाच नाहीं. पण नीट पाहिल्यास तिघांच्या मुळाशीं एकच गोंधळ आढळतो. काय दोष मानावयाचा, आणि मानलेला दोष कसा दाखवावयाचा, हे दोन निराळे प्रश्न आहेत; पहिला सर्व मंडळीनें मिळून ठरवावयाचा आहे, दुसरा ज्याच्या त्याच्या डोळ्यांचा आहे. गो भाषेच्या कर्त्यांनीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर कडक दिलें. त्यांच्या कंपायलरमध्यें इशारा ही पायरीच नाहीं. आणलेलें पण न वापरलेलें साधन आढळलें कीं ती सरळ चूक ठरते. २०१३ सालीं सुरू झालेल्या ईएसलिंटनें मध्यम मार्ग घेतला: प्रत्येक नियम बंद, इशारा किंवा चूक यांपैकीं कोणत्या पायरीवर ठेवावा हें लिहून ठेवलेला कागद सामायिक मजकुराबरोबरच राहतो व सर्वांस सारखा लागू होतो. रंग व रेघा यांची वही मात्र प्रत्येकाची स्वतंत्र. मला ही वांटणी सर्वांत न्याय्य वाटते. पहिली वही खाजगी करणें म्हणजे प्रत्येकानें आपापलें व्याकरण करणें होय, आणि दुसरी सार्वजनिक करणें म्हणजे सर्वांनीं एकच चष्मा वापरणें होय.

चष्म्याचा हा दृष्टांत केवळ अलंकार नाहीं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शेंकडा सुमारें आठ जणांस तांबडा व हिरवा यांतील भेद नीट दिसत नाहीं. अशा मनुष्यास तांबडी रेघ आणि हिरवी रेघ या सारख्याच. म्हणून केवळ रंगावर अर्थ अवलंबून ठेवूं नये, असा नियम २००८ च्या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलींत आहे. एक्लिप्सच्या समासांत चुकीस फुली व इशाऱ्यास त्रिकोण असे, ती रीत या दृष्टीनें शहाणपणाची होती. आणि ज्याला मुळींच दिसत नाहीं त्याचें काय? या प्रश्नाचें एक उत्तर पुण्यांत जन्मलेल्या गृहस्थानें दिलें, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक असावी. टी. व्ही. रामन यांची दृष्टि काचबिंदूनें बालवयांतच गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयांत व नंतर मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें शिकून त्यांनीं कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि १९९५ सालीं ईमॅक्स एडिटरला वाचा देणारा 'ईमॅकस्पीक' प्रसिद्ध केला. पडद्यावरील अक्षरें नुसतीं वाचून दाखविणें त्यांस पुरेसें वाटलें नाहीं. डोळसांना जो भेद रंगानें कळतो तो त्यांनीं आवाजाच्या भेदानें कळविला, आणि निरनिराळ्या घटनांस लहान लहान नाद ठरवून दिले. पुढें २०२२ सालीं व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्यें, चूक असलेल्या ओळीवर येतांच नाद करण्याची सोय आली, ती याच मार्गावरची. दाखविण्याची रीत बदलण्याचें स्वातंत्र्य कोणास हौस वाटो. कित्येकांस तें विद्येचें प्रवेशद्वार आहे.

आपल्या लिपीसंबंधानेंहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं केंब्रिज येथील निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनीं दाखवून दिलें कीं, डोळ्यांस न दिसणारीं दिशादर्शक चिन्हें मजकुरांत पेरून, वाचणारास एक व कंपायलरला दुसरेंच वाचावयास लावतां येतें. लागलीच एडिटरांनीं अदृश्य व फसव्या अक्षरांवर खुणा करण्यास आरंभ केला. तो उपाय योग्यच होता. परंतु मराठींत 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतील अर्धा र साधण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांतील एकींत असेंच एक अदृश्य जोडचिन्ह वापरावें लागतें. अशा चिन्हांस सरसकट संशयित ठरविलें तर एका भाषेचें शुद्धलेखन दुसऱ्या भाषेच्या पहारेकऱ्याला कपट दिसेल. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्यें कोणतीं अक्षरें व कोणत्या भाषा निःशंक मानाव्या हें सांगण्याची सोय ठेविली आहे, ती म्हणूनच अगत्याची आहे. इशारा देणारा ज्या गांवचा असेल त्या गांवचे रीतिरिवाज त्याला सर्वत्र नियम वाटतात. त्याला दुसऱ्या गांवची ओळख करून देण्याचें काम त्या गांवच्या रहिवाशांसच करावें लागतें.

सारांश, एडिटरमधील चुकांचें दर्शन आपल्या सोयीचें करून घेणारानें तें अवश्य करावें. डोळ्यांस टोंचणारा रंग सौम्य करावा, लिहितांना होणारा व्यत्यय थांबवावा, आणि नवशिक्यानें कारणें जवळ मांडून घ्यावीं. मात्र कोणताहि इशारा कायमचा बंद करण्यापूर्वीं त्यानें स्वतःस एवढें विचारावें कीं, मी रेघ काढून टाकीत आहें कीं रेघेचें कारण? रेघ नको असेल तर ती आपल्या वहींत बंद करावी. कारणच मान्य नसेल तर तें सर्वांच्या वहींत, सर्वांसमक्ष, जॉन्सन यांच्या टीपेप्रमाणें पुढच्या वाचकास दिसेल अशा रीतीनें लिहून बाजूस सारावें. झेनोडोटसनें आडवी रेघ काढलेल्या कित्येक ओळी पुढील पंडितांनीं अस्सल ठरविल्या, आणि तसें करतां आलें याचें कारण त्या ओळी आणि ती रेघ हीं दोन्हीं त्यांच्यापर्यंत पोंचलीं होतीं.